लेझी भाषेत एक्सेप्शन बसवताना

छोट्या लेझी (गरज पडेपर्यंत काहीच न मोजणाऱ्या) भाषेचा रनटाइम लिहिताना पहिला निर्णय क्रमाचा होता. (१ / ०) + एरर "रिकामी यादी" यातलं कोणतं एक्सेप्शन (चूक कळवणारा संकेत) बाहेर यावं? डावीकडचं, असं ठरवलं की बेरजेच्या बाजूंची अदलाबदल कंपायलरला बंद होते आणि स्ट्रिक्टनेस अ‍ॅनालिसिसचा (नक्की लागणार ते ओळखून आधीच मोजण्याचा) फायदाही बराचसा जातो. म्हणून हॅस्केल या लेझी भाषेसाठी १९९९ साली सायमन पेटन जोन्स, टोनी होअर आणि सहकाऱ्यांनी मांडलेला मार्ग घेतला: बिघडलेल्या एक्स्प्रेशनची किंमत म्हणजे संभाव्य एक्सेप्शनांचा संच. रनटाइम तो संच बांधत नाही, आधी सापडेल ते एक्सेप्शन फेकतो.

यासाठी बंधन एकच, पण रास्त: कॅच, म्हणजे एक्सेप्शन पकडणं, फक्त आयओमध्ये (बाहेरच्या जगाशी व्यवहार करणाऱ्या कोडमध्ये). शुद्ध फंक्शनमध्ये ठेवलं, तर तेच एक्स्प्रेशन ऑप्टिमायझेशननुसार वेगळं उत्तर देईल.

कॅचच्या आत रिटर्न (१ / ०) लिहिलं तर काहीच पकडलं जात नाही. बाहेर जातो तो न मोजलेला थंक (पुढे ढकललेलं गणित), आणि तो फुटतो तेव्हा हँडलर केव्हाच उतरलेला असतो. त्यासाठी तिथल्या तिथे मोजायला लावणारं इव्हॅल्युएट हवं. तेही सर्वांत बाहेरच्या कन्स्ट्रक्टरपर्यंतच मोजतं, यादीच्या शेपटीतली चूक तशीच राहते. शेवटपर्यंत मोजणारं वेगळं फंक्शन द्यावं लागतं. अनंत यादीवर ते संपणार नाही, हे दस्तऐवजात स्पष्ट लिहावं.

खरं काम स्टॅकवर आहे. एक्सेप्शन फेकल्यावर कॅच फ्रेम सापडेपर्यंत वरून खाली उतरायचं. वाटेत अपडेट फ्रेम (थंकचं उत्तर आलं की ते त्यात लिहायची नोंद) लागली, की तिच्या थंकवर "हेच एक्सेप्शन फेक" असा कोड लिहायचा. हे राहिलं तर थंक ब्लॅकहोलच (मोजणं चालू असल्याची खूण लागलेला) राहतो: पुन्हा मागितल्यावर खोटा अनंत लूप दिसतो किंवा दुसरा थ्रेड त्याची वाट पाहत अडकतो.

टाइमआउट किंवा कंट्रोल-सीचं एक्सेप्शन बाहेरून येतं. तिथे थंकवर एक्सेप्शन लिहिणं साफ चूक, कारण त्याच्या किमतीत दोष नाही. स्टॅकचा तेवढा तुकडा हीपवर गोठवून थंक त्याच्याकडे वळवायचा. पुढे कोणी मागितलं की गणित तिथूनच सुरू होतं.

अशी एक्सेप्शनं असली की मास्कही (त्यांना तात्पुरतं थोपवून धरणं) हवाच. फाइल उघडणं आणि हँडलर चढणं यांच्यामध्ये एक्सेप्शन आलं, तर फाइल उघडीच राहते. म्हणून ब्रॅकेटमध्ये (उघडा, वापरा, बंद करा या रचनेत) उघडणं आणि बंद करणं मास्कखाली, मधलं काम मोकळं. मात्र थ्रेड लॉकसाठी थांबून अडकला असेल, तर मास्क असतानाही एक्सेप्शन आत येऊ द्यावं. नाहीतर त्याला सोडवायला काहीच उरत नाही.