सर्च टर्म्समधली एक ओळ

दर सोमवारी मी गूगल जाहिरातींचा सर्च टर्म्स रिपोर्ट उघडतो, म्हणजे लोकांनी काय टाइप केल्यावर आपली जाहिरात दिसली, त्याची यादी. जाहिरातीचं काम म्हणजे घोषवाक्यं, असं बाहेरच्यांना वाटतं. आमचं काम निवडण-टिपणाचं. जाहिरात दिसावी म्हणून आपण बोली लावतो एका शब्दावर, लोक टाइप करतात भलतंच. ते बघून निकामी शब्द निगेटिव्ह यादीत टाकायचे, म्हणजे त्यांवर जाहिरात दिसत नाही. नवी मुलं सगळं मशीनवर सोडतात, हा रिपोर्ट उघडतही नाहीत.

क्लायंट मधुमेहावरच्या गोळ्या विकायचा. औषध नव्हे, 'सप्लिमेंट'. 'बरा होतो' लिहिलं तर जाहिरात नामंजूर होते, म्हणून मी 'साखर आटोक्यात ठेवायला मदत' असं लिहिलं. बाकीचं, क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावरचे 'समाधानी ग्राहक' बोलायचे. या शब्दरचनेवर मी खूश होतो, खोटं कशाला सांगू. रात्री १ ते ४ बोली वाढवायची युक्तीही माझीच. त्या वेळी काळजीने जागा असलेला माणूस फार चौकशा करत नाही.

त्या सोमवारी सगळ्यांत स्वस्तात ऑर्डर आणणारी ओळ होती: 'इन्सुलिन बंद करून कोणती गोळी घ्यावी'.

सप्टेंबर २०२० पासून गूगल मोजक्याच लोकांनी शोधलेले शब्द या रिपोर्टमधून गाळतं. म्हणजे ही ओळ दिसली, याचा अर्थ ती बऱ्याच जणांनी टाइप केली होती. कोणा एकाचा वेडेपणा म्हणून सोडून देता येईना. टाइप १ मधुमेह असलेल्याने इन्सुलिन थांबवलं, तर एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं. हे मला आधीपासून ठाऊक होतं.

मी 'इन्सुलिन' निगेटिव्हमध्ये टाकला. बुधवारी ऑर्डरमागचा खर्च चढला आणि क्लायंटचा फोन आला. आमचा बॉस तसा वाईट माणूस नाही. म्हणाला, "अरे, डॉक्टरांचा सल्ला घ्या असं लिहिलंय ना आपण पानावर?"

लिहिलंय. पेमेंटच्या बटणाखाली, फिक्या करड्या, बारीक अक्षरांत. ते पान मीच लावलं होतं. जाहिरात कधी नामंजूर झालेली नव्हती.

अकाउंटच्या चेंज हिस्टरीत, म्हणजे कोणी काय बदललं त्याच्या यादीत, 'इन्सुलिन'च्या दोन नोंदी आहेत: सोमवारी निगेटिव्हमध्ये जोडला, बुधवारी काढला. दोन्हींपुढे माझंच नाव.

रात्रीची वाढीव बोली मी त्याच दिवशी गुपचूप काढून टाकली. ते अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.