तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाळ्यात हिरवं होतंच ना सगळं?

दरवर्षी वणवा विझला की दोन-तीन दिवसांनी मी ताम्हिणीच्या अलीकडच्या एका उतारावर परफॉर्मन्स करते, आणि फोटो बघून कुणीतरी विचारतंच की ताई, जूनमध्ये सगळं हिरवं होतंच ना, मग त्या राखेत बसायचं कशाला? प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून एकदा नीट सांगते.

हिरवं होतं ते गवत. त्याची मुळं जमिनीखाली शाबूत असतात, पाऊस झाला की डोंगर असा पोपटी होतो की इथे आग लागली होती हे सांगूनही पटत नाही. ऐनाची साल जाड, तो तगतो, पळसही फुटतो. पण मागच्या पावसात रुजलेलं जांभळाचं, अंजनीचं वीतभर रोप गेलं ते गेलंच. टिटवीची अंडी उघड्यावर, तीही गेली. पुढच्या वर्षी परत वणवा, परत तेच, असं होत होत म्हातारी झाडं तेवढी उरतात आणि त्यांच्यामागे कुणीच नसतं. ऑगस्टमध्ये तिथे उभं राहिलात तर यातलं काहीच दिसणार नाही, म्हणून राख असतानाच जायचं.

करते काय, तर नऊ मीटर मांजरपाट घेऊन उताराच्या वरच्या टोकापासून रांगत खाली येते, हाताला जे लागेल ते कापडावर ठेवत. तीनेक तास लागतात. सगळ्यात जास्त काय सापडतं माहितीये? गोगलगायींचे शंख. काळ्या राखेत पांढरेफटक, लांबून वाटतं कुणीतरी कुरमुरे सांडलेत, आणि उचलायला गेलं की चिमटीतच भुगा होतो. पहिल्या वर्षी मी मोजत होते, 140 नंतर मोजवेना. तिला पळता येत नाही हो. बघायला आलेली माणसं तोपर्यंत गप्प झालेली असतात आणि कुणी ना कुणी आपणहून खाली वाकून शंख उचलायला लागतं, मी कधीच सांगत नाही, तरी.

मग पहिल्या मोठ्या पावसात तेच कापड ओढ्यात आडवं धरून उभी राहते. पाणी काळंकुट्ट येतं, राख आणि तिच्याबरोबर माती, कारण धरून ठेवायला पालापाचोळाच उरलेला नसतो. कापड इतकं जड होतं की एकटीला पेलत नाही, दुसरं टोक गावातले एक धनगर मामा धरतात. गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून पूर्वी त्यांनीही डोंगर पेटवलाय, ते स्वतःच सांगतात. आणि हेही सांगतात की आधी गवत कमरेला लागायचं, आता गुडघ्याच्या वर जात नाही. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, पण मामांवर परिणाम कायद्याचा नाही झाला, त्या गवताचा झाला. आता जानेवारीत जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत साफ करून ठेवलेली मोकळी पट्टी, काढायला सगळ्यांच्या आधी तेच येतात. आणि आगी काय फक्त गावातलेच लावतात का, रस्त्यावरून गाडीतून फेकलेली विडी-सिगारेटही पुरते.

तिसरा भाग अजून चालूच आहे. जोसेफ बॉइस या जर्मन कलाकाराने 1982 मध्ये कासेल शहरात 7000 ओक लावायला घेतले, प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक दगड उभा करायचा. काम संपलं 1987 ला, त्याच्या मृत्यूनंतर. दगड आहे तेवढाच राहतो, झाड वाढत जातं. हे वाचलं तेव्हा मला गहिवरूनच आलं, कारण बेसॉल्ट म्हणजे आपला काळा कातळच की, सह्याद्री त्याचाच बनलाय. आम्ही झाडं लावत नाही. जाळरेषेच्या आतल्या पट्ट्यात आपोआप उगवलेलं रोप सापडलं की त्याच्याशेजारी एक दगड ठेवतो, एवढंच.

त्या पट्ट्यात तीन वर्षं आग आलेली नाही. गेल्या श्रावणात करवंदीच्या जाळीत हात घालून मामांनी दाखवली, जांभळाची चार रोपं, त्यातलं एक चक्क माझ्या गुडघ्याएवढं. मी दगड ठेवला तर मामा म्हणाले, तिकडं नको ताई, वरच्या अंगाला ठेवा, पाण्याचा लोट आला तर आधी दगडाला लागेल. मग चारही दगड उचलून आम्ही वरच्या बाजूला लावले.