फॉर्म स्वच्छ होता

आमच्या नेमबाजीच्या रेंजवर एकट्यानं आलेल्या आणि स्वतःचं शस्त्र नसलेल्या माणसाला पिस्तूल भाड्यानं मिळत नाही. सोबत कुणीतरी लागतं. काउंटरवर तशी पाटी आहे, आणि ती वाचून रोज कुणी ना कुणी विचारतंच, असं का म्हणून. काउंटरवरची पोरं ‘इन्शुरन्सचा नियम आहे’ असं सांगून वेळ मारून नेतात. खरं कारण वेगळं आहे. घरातल्यांच्या नजरेला पडू नये म्हणून जीव द्यायला रेंजवर आलेली माणसं अमेरिकेतल्या अनेक रेंजवाल्यांनी पाहिली आहेत, आणि त्यातून त्यांनी आपापला हा नियम करून घेतला. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात तो नाही.

डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात ही रेंज आहे, बंदुकांच्या दुकानाला लागूनच. मी तिथे रेंज सेफ्टी ऑफिसर आहे आणि टेक्ससच्या कॅरी लायसन्सचे, म्हणजे पिस्तूल सोबत बाळगायच्या परवान्याचे वर्गही घेते. मी मूळची कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू रायफल हाती आली, तेव्हापासूनची ही ओढ. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं किंवा स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला पदक घेतलं, तेव्हा इथल्या माझ्या सहकाऱ्यांना पेढे वाटणारी मीच. हे एवढ्यासाठी सांगते, की पुढचं वाचून कुणी मला बंदूकविरोधी समजू नये.

आमच्या कामात बाहेरच्याला वाटतं तसं थरारक काही नसतं. निम्मा वेळ हातांकडे बघण्यात जातो. चेहरा नंतर, आधी हात. नवख्याचं बोट आपोआप चापावर जातं, ते काढून पिस्तुलाच्या अंगालगत सरळ ठेवायला शिकवावं लागतं. नळीचं तोंड कायम समोर, लक्ष्याकडे. काडतुसाची उडालेली रिकामी पुंगळी चांगलीच तापलेली असते. ती ढगळ गळ्याच्या टॉपमध्ये शिरली की माणूस हातातल्या भरलेल्या पिस्तुलासकट गर्रकन वळतो. माझ्या मते रेंजवरचा सगळ्यात धोक्याचा क्षण हाच, म्हणून मी दारातच सांगते, गळाबंद कपडे घाला, आणि चटका बसला तरी आधी पिस्तूल खाली ठेवा, मग काय उड्या मारायच्या त्या मारा. बाहेर पडताना हात थंड पाण्यानं, साबण लावून धुवायचे, कारण शिशाची धूळ बसलेली असते. आपल्याकडून एच-वन-बीवर आलेली मुलं मोठ्या हौसेनं येतात आणि त्यांना मला परत पाठवावं लागतं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक हातात धरायचीही मनाई आहे, भाड्याचीसुद्धा. शिकारीचा परवाना असेल तर मात्र चालतं. हे ऐकून प्रत्येकाचा चेहरा पडतो.

टेक्ससमध्ये सप्टेंबर 2021 पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बाळगायला परवाना लागतच नाही. तरी माझे वर्ग भरतात. परीक्षेला तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून 50 गोळ्या झाडायच्या, 250 पैकी 175 गुण मिळाले की पास. तेवढ्यावर माणूस तयार होतो असं मला वाटत नाही. माझ्या वर्गात नेम थोडा कमी शिकवला जातो आणि घरातल्या तिजोरीबद्दल जास्त. काहींना ते आवडत नाही.

तो शनिवार होता. दुपारी पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ काउंटरवर आले. इस्त्रीचा फुल शर्ट, हातात ड्रायव्हिंग लायसन्स. नाइन एमएम पिस्तूल भाड्यानं हवं म्हणाले. पोरानं पाटी दाखवली. लायसन्सवरचं आडनाव दिसलं म्हणून मी जवळ गेले. आपलं माणूस दिसलं की पाय आपसूक वळतात.

पहिल्यांदा येणारा माणूस प्रश्नांनी हैराण करतो. आवाज किती होतो, धक्का किती बसतो, फोटो काढले तर चालतील का, कुठलं मॉडेल चांगलं. यांनी यातलं काहीच विचारलं नाही. गोळ्यांचा बॉक्स पन्नासचाच येतो का, एवढं विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाले, “इतक्या नको होत्या.”

मग ते बाजूला झाले आणि रांगेतल्या कॉलेजच्या पोरांपाशी जाऊन हळू आवाजात बोलू लागले. ती पोरं बुजून माझ्याकडे बघायला लागली. मी जाऊन विचारलं, तर त्यांतला एक म्हणाला, “मी तुमच्यासोबत आलोय असं सांगा, म्हणतायत.” मी गृहस्थांना मराठीत म्हटलं, “दादा, जरा बसा, मी आलेच,” कारण तेवढ्यात आत कुणाचं तरी पिस्तूल अडकलं होतं आणि रेडिओवर माझं नाव येत होतं. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात, उभी अडकली होती. दोन मिनिटांचं काम, पण ते आत्ताच करावं लागतं.

बाहेर आले तर खुर्ची रिकामी. मला वाटलं, गेले. मग दुकानाच्या बाजूला नजर गेली. ते विक्रीच्या काउंटरवर उभे होते.

हे इथे नीट सांगायला हवं. भाड्याचं काउंटर आणि विक्रीचं काउंटर एकाच छताखाली आहेत, मध्ये पंधरावीस पावलं. भाड्यानं द्यायला आमचा नियम आडवा येतो, विकायला येत नाही. विकताना 4473 नंबरचा केंद्रीय फॉर्म भरायचा. गुन्हा सिद्ध झालाय का, अमली पदार्थ घेता का, घरगुती हिंसाचाराची शिक्षा झालीये का, कोर्टानं कधी मनोरुग्ण ठरवलंय किंवा सक्तीनं दाखल केलंय का. मग एफबीआयच्या यंत्रणेकडून तपासणी, आणि उत्तर तीनपैकी एक: प्रोसीड, डिलेड, डिनाइड. बहुतेकांना काही मिनिटांत प्रोसीड येतं. टेक्ससमध्ये त्यानंतर थांबायला लागत नाही. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं, हवाईत चौदा. इथे माणूस आल्या पावली खोकं घेऊन घरी. आणि माझ्या वर्गातून लायसन्स घेतलेल्याला तर ती तपासणीही लागत नाही, लायसन्स दाखवलं की पुरे.

जवळपास सगळा फॉर्म माणसाच्या भूतकाळाबद्दल आहे. या क्षणी काउंटरला टेकून उभा असलेला माणूस कसा आहे, हे विचारणारी ओळ त्यात नाही. ते बघायचं काम कुणाचंच नाही, म्हणजे आमचं.

गृहस्थ अमेरिकन नागरिक होते. फॉर्म स्वच्छ होता. स्क्रीनवर प्रोसीड येऊन पडलं होतं आणि आमचा विक्रेता कार्ड मागत होता. मी त्याला म्हटलं, “थांब.” तो माजी सैनिक आहे, कामात चोख, कमिशनवर घर चालवतो. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “कशावरून?” मी पोरांचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, “सरकार हो म्हणतंय. तू कोण नाही म्हणणारी?”

मॅनेजर आला. त्याचा पहिला प्रश्न, “तोंडानं काही बोललाय का?” नाही बोलला. मी त्याला न्यू हॅम्पशरची गोष्ट पुन्हा ऐकवली. 2009 मध्ये तिथल्या एकाच दुकानातून आठवड्याभराच्या आत तीन जणांनी बंदुका घेतल्या आणि तिघांनीही काही तासांतच स्वतःला संपवलं. एकमेकांशी काही संबंध नसलेली माणसं. त्या दुकानाच्या मालकानं हात झटकले नाहीत. सार्वजनिक आरोग्याचं काम करणाऱ्यांबरोबर बसून त्यानं दुकानदारांसाठी सूचना तयार केल्या: घाईत असलेला, शस्त्राची देखभाल किंवा गोळ्या यांत रस नसलेला, प्रश्नच न विचारणारा गिऱ्हाईक दिसला तर बोला, आणि शंका राहिली तर विकू नका. हे बंदूकवाल्यांनी बंदूकवाल्यांसाठी केलेलं काम आहे, म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. मॅनेजरनं हे माझ्या तोंडून आधीही ऐकलं होतं. या वेळी त्यानं खोकं उचलून मागच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाला, “आज विक्री नाही.” विक्रेत्यानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी गृहस्थांना वर्गाच्या खोलीत नेलं. शनिवारचा वर्ग संपला होता, फळ्यावर माझंच अक्षर होतं. मी दार लोटलं, दोन कप कॉफी ठेवली आणि सरळ विचारलं, “दादा, जीव द्यायचा विचार मनात आहे का?” असं विचारल्यानं नसलेला विचार मनात येतो, हा आपल्याकडचा पक्का समज आहे आणि तो चुकीचा आहे. विचारलं की उलट माणसाला बोलायला जागा मिळते. तरी मराठीत तो प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळली. इंग्रजीत मी तो सरावानं विचारते.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शर्टाच्या बाहीचं बटण काढायचे आणि परत लावायचे. मग म्हणाले, “ताई, झोप नाही लागत. महिने झाले.” पुढचं त्यांनी जे सांगितलं ते त्यांचं आहे, इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्यात असं काही नव्हतं जे आपल्या ओळखीतल्या कुठल्याही घरात घडू शकत नाही.

घरी दुसरं शस्त्र आहे का, विचारलं. नव्हतं. अशा वेळी बोलायला असलेल्या 988 या हेल्पलाइनला माझ्यासमोर फोन लावू का, म्हटलं. “परक्या माणसाशी काय बोलू?” म्हणाले. मग कुणाला बोलावू, विचारलं. त्यांनी फोन उघडून माझ्या हातात दिला. त्यांचे मित्र अर्ध्या तासात पोचले. मंडळाच्या ढोल-ताशाच्या सरावातून उठून आले होते, कमरेचा पट्टा तसाच होता. धावत आले, हे मी विसरणार नाही. पण आल्या आल्या म्हणाले, “अहो, यांचं तसं काही नाही, जरा टेन्शनमध्ये आहेत.” आणि मग मला बाजूला घेऊन, “मंडळात कुठे बोलू नका हं.”

त्या वाक्याचा मला फार राग आला. चारचौघांत कळेल या भीतीनं आपण माणसाला एकटं पाडतो, आणि एकटं पडलेलं माणूस मग आमच्या काउंटरवर येतं. मी त्यांना खडसावून सांगितलं: आज रात्री यांना एकटं सोडायचं नाही, बायकोला आजच सांगायचं, उद्या डॉक्टर, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी हे जातात त्यांनी आपापल्या बंदुका कुलुपात घालायच्या. 2020 मध्ये आपल्या किती लोकांनी पहिल्यांदा पिस्तुलं घेतली हे मला काउंटरवरून दिसलंय, आणि त्यांतली कितीतरी अजून कपाटात कपड्यांखाली पडून आहेत. मित्र गप्प झाले. मग म्हणाले, “माझ्याकडे आहे एक.” मी त्यांना कुलूप देऊन पाठवलं.

माझ्या वर्गात लोक चोर-दरोडेखोर डोळ्यांसमोर ठेवून येतात. 2022 मध्ये या देशात बंदुकीनं 48 हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांतल्या 27 हजारांनी स्वतःचा जीव घेतला. बंदुकीनं केलेला प्रयत्न क्वचितच फसतो. आणि आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येनं जात नाहीत, दहातले नऊ. म्हणजे तेवढी वाईट वेळ निभावून नेली तर माणूस राहतो. दुकानानं नाही म्हणणं हे तेवढ्यासाठीच.

पण आमचं ‘नाही’ आमच्या दारापुरतंच असतं. आम्ही विक्री नाकारली हे दुसऱ्या दुकानाला कळवायची कसलीही सोय नाही. या रस्त्यावर पुढे आणखी दुकानं आहेत आणि फॉर्म तिथेही स्वच्छच निघणार. वॉशिंग्टन, व्हर्जिनिया आणि युटा या राज्यांत माणसाला आपण होऊन ‘मला बंदूक विकू नका’ अशा यादीत नाव घालता येतं. टेक्ससमध्ये तेही नाही. घरात आधीच बंदूक असती आणि त्यांच्या बायकोनं ती थोडे दिवस सांभाळायला आमच्याकडे आणून दिली असती, तरी आमच्या वहीत नोंद करावी लागली असती आणि परत देताना पुन्हा तोच फॉर्म, तीच तपासणी. शिवाय उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, या भीतीनं दुकानदार नकोच म्हणतात. मदत करायची इच्छा असलेल्या माणसालाही पायात पाय अडकेल अशी ही व्यवस्था आहे.

दिवाळीच्या कार्यक्रमात ते मित्र भेटले. “बरे आहेत, औषधं चालू आहेत,” म्हणाले आणि लगेच जेवणाच्या रांगेकडे वळले. मीही जास्त विचारलं नाही.

विक्रेत्याचं आणि माझं मात्र अजून मिटलेलं नाही. परवा दुकान बंद करताना त्यानं पुन्हा विषय काढला. तो म्हणाला, “तू त्याच्यात काहीतरी बघितलंस, ठीक. पण कायद्यानं पात्र असलेल्या माणसाला आपण नुसत्या चेहऱ्यावरून परत पाठवायला लागलो, तर उद्या कुणाला पाठवू? तुझ्यासारख्या दिसणाऱ्यांनाच ना?” या प्रश्नाचं वजन मला कळतं. मी टेक्ससमध्ये राहते.

मला सतावतंय ते त्याच्या उलट आहे. मला ते गृहस्थ ओळखता आले, कारण आपली माणसं गप्प कशी बसतात हे मी लहानपणापासून बघत आलेय. इस्त्रीचा शर्ट, खाली नजर, ‘काही नाही, सहज आलो’. पण पश्चिम टेक्ससमधल्या ल्युबकहून आलेला कुणी शेतकरी, नाहीतर इथला हायस्कूलचा कोच, तो कसा गप्प बसतो? ते मला कुठे ठाऊक आहे? अशी कितीतरी माणसं रोज माझ्यासमोर फॉर्म भरतात, हसून ‘थँक यू, मॅम’ म्हणतात. मी विक्रेत्याला म्हटलं, तुझ्याकडची माणसं तू बघ, माझ्याकडची मी बघते. तो त्यावर काही बोलला नाही. पण सोमवारी आला तेव्हा त्यानं न्यू हॅम्पशरच्या त्या सूचनांचा कागद मागितला, आणि वाचून झाल्यावर म्हणाला, यातल्या दोन गोष्टी मला पटत नाहीत. त्यावर आमचं अजून चालू आहे.