जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल : घाईत पाहू नये अशी वास्तू

जुन्या गोव्यात येणारे बहुतेक प्रवासी बॉम जीझस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन घेतात, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये क्षणभर डोकावतात आणि लगेच पणजीची वाट धरतात. या कॅथेड्रलला किमान दोन तास द्यावेत आणि शक्य झाल्यास ते मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) चालू असताना पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आम्ही हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळीच तेथे पोहोचलो. कोकणी प्रार्थनेचे स्वर त्या उंच कमानदार छताखाली घुमू लागले, तेव्हा इतकी मोठी वास्तू कशासाठी बांधली असेल, हे ध्यानात आले.

पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याने 25 नोव्हेंबर 1510 रोजी, म्हणजे सेंट कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, हे शहर जिंकले, म्हणून कॅथेड्रल तिलाच अर्पण केलेले आहे. 1534 मध्ये गोव्याला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. आजच्या इमारतीचे काम पोर्तुगालचा राजा दों सेबास्तियांव याच्या काळात, 1562 मध्ये सुरू झाले. मुख्य बांधकाम 1619 मध्ये पुरे झाले आणि 1640 मध्ये तिचे विधिवत अभिषेचन झाले. साम्राज्याच्या पूर्वेकडील राजधानीचे वैभव आल्यागेल्याच्या नजरेत भरावे, हा हेतू तिच्या आकारातून उघड दिसतो. मात्र साथीच्या रोगांनी शहर ओस पडत गेले आणि 1843 मध्ये पणजी राजधानी झाली.

दर्शनी बाजू पूर्वेला असल्याने सकाळचा प्रकाश तिच्यावर थेट पडतो. तिचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही; उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. आत मुख्य वेदीमागच्या सोनेरी कोरीवकामात सेंट कॅथरीनच्या जीवनातील प्रसंग आहेत. त्यांच्यापुढे निवांत उभे राहावे. बाजूच्या प्रार्थनामंदिरांपैकी चमत्काराच्या क्रुसाचे मंदिर भाविकांना विशेष प्रिय आहे.

दर दहा वर्षांनी झेवियर यांचे पार्थिव अवशेष बॅसिलिकेतून मिरवणुकीने येथे आणून दर्शनासाठी ठेवतात. असा सोहळा नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात झाला. पुढच्या सोहळ्यापर्यंत थांबणे शक्य नसेल, तर ‘गोंयच्या सायबाचे’, म्हणजे झेवियर यांचेच, 3 डिसेंबरचे वार्षिक फेस्त (सण) गाठावे. त्याआधी नऊ दिवस बॅसिलिकेच्या आवारात नोव्हेना, म्हणजे सणापूर्वीच्या खास प्रार्थना, चालतात.

पणजीहून जुने गोवे सुमारे दहा किलोमीटर असून बसची सोय चांगली आहे. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक जवळ पडते. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि मिस्सा चालू असताना छायाचित्रे काढू नयेत. शेजारच्या फ्रान्सिस्कन मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असते, म्हणून दिवस ठरवताना तेवढे लक्षात घ्यावे. फेस्ताच्या काळात मात्र स्वतःचे वाहन आणणे टाळावे आणि बसने येऊन पुढे पायी जावे.