आईला वय कमी पडलं! (नेपाळ प्रवासाचा माझा अनुभव)

काठमांडू, पशुपतिनाथ, पोखरा याबद्दल इथे काही वाचायला मिळणार नाही. ते सगळं छान झालं. मला लिहायचंय ते दिल्ली विमानतळावरच्या चेक-इन काउंटरबद्दल. दोन वर्षं झाली, तरी आठवलं की डोकं तापतं.

"नेपाळला कुठे पासपोर्ट लागतो? आधार दाखवायचं नि जायचं," असं आम्हाला किमान चार जणांनी सांगितलं होतं. त्यातले दोघं बसने सोनौलीच्या सीमेवरून जाऊन आलेले. त्यांना तिथे कुणी काही विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांच्या लेखी तोच नियम! आम्ही पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून काठमांडू, दोन्ही विमानाने जाणार होतो. माझ्याकडे पासपोर्ट, आई-बाबांकडे आधार. तिकीट काढताना वय विचारलं, पण वयावर काही अवलंबून असेल हे डोक्यातही आलं नाही.

काउंटरवरच्या मुलाने बाबांचं आधार बघितलं. वय 68. "ठीक है." माझा पासपोर्ट, ठीक. आईचं आधार हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "मॅडम, वोटर कार्ड?"

विमानाने नेपाळला जाणाऱ्या भारतीयाकडे पासपोर्ट हवा, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. सूट फक्त 15 वर्षांखालच्यांना आणि 65 च्या वरच्यांना. त्यांना ओळख आणि वय पटवणारं दुसरं फोटोचं कार्ड चालतं, आणि 2019 पासून त्यात आधारही आलं. आई 63 ची. म्हणजे ज्या बाबांना मुळात यायचंच नव्हतं ते पास, आणि जिने सहा महिने यादी करून ही सहल ठरवली ती नापास.

मी मतदार कार्डाचा मोबाइलमधला फोटो दाखवला. नको, मूळ कार्ड. वरिष्ठांना बोलवा म्हटलं. वीस मिनिटांनी एक बाई आल्या. तोवर मी मोबाइलवर शोधून काढलं होतं की कुटुंब एकत्र जात असेल आणि एका सज्ञान माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना त्यासाठी अडवत नाहीत. मी विजयी मुद्रेने फोन पुढे केला. बाईंनी शांतपणे पुढची ओळ वाचून दाखवली: बाकीच्यांकडे फोटो ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा हवा. रेशन कार्ड आहे? ड्रायव्हिंग लायसन्स? माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं आहे, ते मी बोट ठेवून दाखवलं. त्यावर आईचं नाव 'सुनीता', आधारवर 'सुनिता'. इंग्रजीत एका 'ई'चा फरक. बाई "सॉरी" म्हणाल्या आणि काउंटर बंद झाला.

बाबा एवढंच म्हणाले, "माझं तर चालत होतं." आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

मग सुरू झाली शोधमोहीम. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली होती. व्हिडिओ कॉलवर आई दिल्लीतून हुकूम सोडतेय, काकू कपाट उपसताहेत. "वरच्या खणात... नाही, साड्यांखाली... कॅरीबॅग दिसतेय का निळी?" विम्याच्या पावत्या, बंद पडलेली पासबुकं, माझं सातवीचं प्रगतिपुस्तक आणि सगळ्यात खाली कार्ड. ऑफिसातला एकजण रात्रीच्या विमानाने दिल्लीला यायचा होता. काकूंच्या मुलाने ते त्याला लोहगावला नेऊन दिलं. आम्ही त्या रात्री विमानतळाजवळच्या हॉटेलात राहिलो. तिकिटं बदलण्याचे पैसे गेले, पोखऱ्याचा एक दिवस गेला.

हे आधी सांगायला हवं होतं: निघण्यापूर्वी कार्डावरचा फोटो बघून घ्या. आईचं कार्ड 1995 चं, 'एमटी'ने सुरू होणाऱ्या नंबरचं, काळंपांढरं. फोटोत आई 35 ची, दोन वेण्या, आणि लॅमिनेशनखाली अर्धा चेहरा पुसट. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा काउंटरवर होता. त्याने कार्ड बघितलं, आईकडे बघितलं, परत कार्ड. माझ्या पोटात गोळा. शेवटी हसून म्हणाला, "आंटीजी, ये आप ही हैं?" आई म्हणाली, "थी." बोर्डिंग पास मिळाला.

आणखी एक. दुबईतले वगैरे कुणी नातेवाईक तुम्हाला थेट काठमांडूत भेटणार असतील, तर त्यांना पासपोर्टच लागतो. मतदार कार्डाची सवलत भारतातून जाणाऱ्यांसाठी आहे. भूतानला जाणाऱ्यांनीही आधारच्या भरवशावर राहू नये, तिथेही पासपोर्ट किंवा मतदार कार्डच लागतं. आणि रेशन कार्ड सोबत ठेवा, भले शेजारी हसोत.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात आईने पासपोर्टचा अर्ज भरला. बाबांनी अजून भरलेला नाही. त्यांचं आधार चालतं ना!