तक्रार कानाची, शस्त्रक्रिया नाकाची

तुळजापूरहून सोलापूरला येताना घाट उतरला की माझ्या डाव्या कानात दडा बसत असे, आणि इतरांचा एका जांभईने सुटतो तसा तो न सुटता दुसऱ्या दिवसापर्यंत राहत असे. मी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात हिशेबाचे काम करतो, त्यामुळे घरच्यांनी सगळा दोष मागांच्या खडखडाटावर टाकला होता. श्रवणचाचणीने तो समज खोडून काढला. मोठ्या आवाजाने होणारी हानी आतल्या कानाची असते आणि आलेखात ती बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दाखवते. माझ्या आलेखात तसा खड्डा नव्हता, हाडामार्फत येणारा आवाज नीट ऐकू येत होता आणि हवेतून येणारा तेवढा कमी, म्हणजे अडचण मधल्या कानात होती. टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे मधल्या कानातील हवेचा दाब तपासणाऱ्या चाचणीत, डाव्या कानाचा दाब उणे २२० डेकापास्कल भरला, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी. दुर्बिणीतून पाहिल्यावर दोन नाकपुड्यांमधला नाकाचा पडदा डावीकडे वाकलेला दिसला, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘नाकाचे हाड वाढले’ असे म्हणतात.

डॉक्टरांनी त्या पडद्याची शस्त्रक्रिया सुचवली. सीटी स्कॅन, रक्ततपासणी आणि भूलतज्ज्ञांची भेट दोन दिवसांत उरकली. गाडे अडले ते रुग्णालयातील विम्याच्या टेबलापाशी, आणि तेही तब्बल अकरा दिवस.

नाकाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी अनेक पॉलिसींमध्ये २४ महिन्यांची प्रतीक्षा असते. माझे २६ महिने पूर्ण झाले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. कॅशलेस मंजुरीचा निर्णय तासाभरात द्यावा असे विमा नियामकाने २०२४ मध्ये सांगितले आहे, हेही मी वाचून गेलो होतो. परंतु कंपनीने निर्णयाऐवजी प्रश्न पाठवला: तक्रार कानाची असताना शस्त्रक्रिया नाकाची कशासाठी?

डॉक्टरांनी त्याचे सविस्तर उत्तर लिहिले. मधल्या कानापासून सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची युस्टेशियन नळी निघते आणि नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि कानातील हवेचा दाब बाहेरच्या दाबाशी जुळतो. नाकाचा पडदा वाकडा असेल तर नाकातील हवेचा प्रवाह बिघडतो, नळीच्या तोंडाभोवती सूज राहू शकते, नळी पुरेशी उघडत नाही, आत कोंडलेली हवा हळूहळू शोषली जाते आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. मात्र नाकाचा पडदा वाकडा असूनही कान ठणठणीत असलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि ॲलर्जीनेही ही नळी बिघडते. म्हणून डॉक्टरांनी शेवटी ‘संबंध असण्याची शक्यता आहे’ असे लिहिले.

त्या एका शब्दाने माझे आठ दिवस खाल्ले. ‘शस्त्रक्रियेने कानाचा दोष निश्चित दूर होईल काय?’ असा दुसरा प्रश्न आला. डॉक्टर ‘निश्चित’ लिहायला तयार नव्हते, आणि त्यांचे बरोबरच होते. पण टेबलावरचे गृहस्थ रोज ‘पोर्टलवर अजून क्वेरीच दिसते, उद्या या’ एवढेच सांगत होते, तेव्हा मला त्या प्रामाणिकपणाचाही राग येत होता. अर्धी रजा टाकून यायचे, पंख्याखाली बसायचे आणि आधीच दिलेली पॉलिसीची झेरॉक्स पुन्हा द्यायची, असे चार वेळा झाले.

शेवटी एका शिकाऊ डॉक्टरांनी मूळ अर्ज मागवून पाहिला. ‘मुख्य तक्रार’ या रकान्यात फक्त ‘डाव्या कानात दडा’ असे लिहिलेले होते, कारण पहिल्या दिवशी मीच तेवढे सांगितले होते. डावी नाकपुडी वर्षानुवर्षे बंद, रात्री तोंडाने श्वास, तीन महिने नाकाचा फवारा मारूनही फरक नाही, हे सारे डॉक्टरांच्या केसपेपरवर असूनही अर्जावर आलेच नव्हते. नवा अर्ज नाकाच्या अडथळ्यापासून सुरू केला, दुर्बिणीचा अहवाल व सीटी स्कॅन जोडले आणि कानाचा उल्लेख सोबतची तक्रार म्हणून खाली ठेवला. मंजुरी त्याच संध्याकाळी आली. मला आनंद झाला आणि स्वतःची थोडी लाजही वाटली. अर्जावर सही करण्याआधी तो रकाना स्वतः वाचावा, एवढे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला बजावतो.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. नाकात पट्ट्या असताना जेवणाची चव जाते, एवढेच. आधी सांगायचे राहिले: सर्दी असताना केलेल्या टिम्पॅनोमेट्रीवर लगेच विसंबू नये, कारण तेव्हा चांगल्या कानाचा दाबही उणा येऊ शकतो. तसेच सर्दीत नाक चिमटीत धरून जोराने फुंकून दडा सोडवू नये. नाकातला संसर्ग त्यामुळे कानात जाऊ शकतो.

तीन महिन्यांनी दाब उणे ८० भरला. फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे अजून चालू असल्याने सगळे श्रेय पडद्याच्या शस्त्रक्रियेला देता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. गेल्या महिन्यात तुळजापूरहून परतताना घाटात पुन्हा दडा बसला होता. तामलवाडी येण्याआधी, पाण्याचा घोट घेताच, तो सुटला.