गॅरेजमधली होडी

‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ हा सिनेमा २००१ साली आला तेव्हा मी शाळेत होतो. त्यातल्या लोथलोरिएन या एल्फांच्या रानातून नदीत उतरलेल्या त्या तीन होड्या आणि त्यांची वर वळलेली निमुळती टोकं मनातून कधी गेलीच नाहीत. आता वेलिंग्टनला राहतो, म्हणजे तो सिनेमा जिथे घडला त्याच देशात. मार्चपासून गॅरेजमध्ये तशीच एक बांधतोय.

दर ३० सेंटिमीटरला एक प्लायवूडचा साचा, आणि त्यावर देवदारासारख्या वासाच्या रेड सीडरच्या ६ मिलिमीटर जाड पट्ट्या, कडेला कड चिकटवत. पोटाचा भाग भराभर झाला. नाळेने, म्हणजे होडीच्या पुढच्या वळलेल्या टोकाने, मात्र तीन आठवडे घेतले. एवढा बाक अखंड लाकूड घेत नाही, माझ्या दोन पट्ट्या तडकल्या. मग पातळ चिपा वाफवून, फर्म्यावर दाबून, एकावर एक चिकटवल्या. फर्मा काढला तेव्हा ती वळलेली तशीच राहिली. किती वेळ नुसता हात फिरवत बसलो.

व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. त्यांचं लहानपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “देखणी आहे रे, पण नाळ फार उंच घेतलीस. वारा धरील.”

इथला वारा ठाऊक आहे मला. काल वीतभर कापली.

रविवारी बाहेरून काचतंतूंचं कापड आणि त्यावर इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारी राळ. गारठ्यात इपॉक्सी धरत नाही, म्हणून बैठकीतला हीटर गॅरेजमध्ये आणलाय.